सिंटॅक्स ट्री वाचता येईल अशी छापणारी ८० ओळींची लायब्ररी: काय दाखवावं, काय झाकावं?

खाडीकाठ | ९ मे, रात्री ११.१२

नमस्कार मंडळी. ऐन आंब्याच्या हंगामात कोडचा धागा काढतोय, सांभाळून घ्या. विषय आंब्यावरूनच निघालाय.

आमचं घर देवगड तालुक्यात. काका वाडीतल्या सात-आठ बागायतदारांचा माल एकत्र करून वाशीला पाठवतात आणि पट्टी (विक्रीचा हिशेब) आली की ज्याचे त्याला पैसे वाटतात. प्रत्येकाशी ठरलेलं वेगळं. कुणाचं भाडं कापायचं, कुणाचं नाही, कुणाचा खोका आपला, कुणाचा त्याचा. एक्सेलमध्ये हा गुंता आवरेना, म्हणून मी पायथनमध्ये एक इवलीशी भाषा केली. काकांनी मराठीत 'देणे = रक्कम - भाडे - हमाली' असं लिहायचं, बाकी प्रोग्राम बघेल. लेक्सर (ओळीतले शब्द सुटे करणारा), पार्सर (त्या शब्दांची रचना लावणारा) सगळं हाताने लिहिलं.

परवा रक्कम ४०,०००, भाडं ३,००० आणि हमाली ५०० होती. देणं ३६,५०० यायला हवं, आलं ३७,५००. तोवर शेजारच्या आजोबांना पैसे पोचलेही होते. 'यंदा दर बरा लागला हो' म्हणून त्यांनी काकूकडे नारळाच्या वड्या पाठवल्या, तेव्हा काकांना संशय आला.

पार्सर सूत्राचं जे झाड बांधतो, ती सिंटॅक्स ट्री मी छापून बघितली. आलं ते हे, आणि हा नुसता तुकडा आहे:

वजा(डावे=नाव(मजकूर='रक्कम', ओळ=१, स्तंभ=७, प्रकार=कोणताही_नाही), उजवे=वजा(डावे=नाव(मजकूर='भाडे', ओळ=१, स्तंभ=१५, प्रकार=कोणताही_नाही), उजवे=नाव(मजकूर=

अर्धा तास डोळे फाडून कंस मोजले. मग वैतागून रात्री ८० ओळींचं छापणारं फंक्शन लिहिलं. त्यातून हे आलं:

वजा
├── नाव रक्कम
└── वजा
    ├── नाव भाडे
    └── नाव हमाली

दोन सेकंदांत कळलं. वजाबाकी उजवीकडून बांधली जात होती, म्हणजे ४०,००० वजा (३,००० वजा ५००). हमाली कापली जायच्या ऐवजी वर जमा होत होती. पार्सर दुरुस्त केला, काम झालं.

आता प्रश्न. हे ८० ओळींचं प्रकरण नीट करून लायब्ररी म्हणून बाहेर टाकावं का? की हे सगळ्यांकडे आधीच आहे आणि मी चाकाला पुन्हा गोल करतोय? आणि मुख्य म्हणजे, छापताना आपणहून काय झाकावं? मी ओळ, स्तंभ, प्रकार सगळं झाकलं म्हणून वाचता आलं. पण झाकणं बरोबर की चूक?

नाइलाजाने_पुणेकर | ९ मे, रात्री ११.३१

चाक गोलच आहे. पायथनची स्वतःची सिंटॅक्स ट्री देणारं एएसटी मॉड्यूल आहे, त्यातल्या डंप या छापणाऱ्या फंक्शनला ३.९ पासून 'इंडेंट' देता येतं. चार ठेवा, खाली-खाली उतरत जातं. लायब्ररी कशाला?

बाकी वड्या खाल्ल्यात की परत केल्यात?

खाडीकाठ | ९ मे, रात्री ११.३८

वड्या संपल्या.

तो डंप पायथनच्या स्वतःच्या ट्रीपुरता आहे. माझे नोड, म्हणजे झाडाचे एकेक सांधे, मी स्वतः केलेले डेटाक्लास आहेत. त्याला दिले तर टाइपएरर तोंडावर मारतो.

नाइलाजाने_पुणेकर | ९ मे, रात्री ११.४४

मग पीप्रिंट, पायथनचंच सुबक छापणारं. ३.१० पासून त्याला डेटाक्लास कळतात. एका ओळीत बसत नसेल तर फोडून देतो. झोपा आता.

बाबू_मालवणी | १० मे, सकाळी ७.०५

माका कायच कळाक नाय. पण झाडाचो विषय दिसलो म्हणान इलंय. तुमच्या झाडाक आंबे कधी लागतले?

सुरंगी | १० मे, सकाळी ९.२०

मी रत्नागिरीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कंपायलर हा विषय याच सत्रात आहे. बावळट प्रश्न असेल तर सांगा. आम्हाला पार्स ट्री आणि ॲब्स्ट्रॅक्ट सिंटॅक्स ट्री असं दोन वेगळं शिकवलंय. दादा, तुम्ही छापताय ती कोणती? तुमच्या चित्रात कंस किंवा वजाचं चिन्ह कुठे दिसत नाहीये.

तिरफळ | १० मे, सकाळी १०.०२

सुरंगी, अजिबात बावळट नाही. पार्स ट्रीत व्याकरणाचा प्रत्येक नियम आणि लिहिलेलं प्रत्येक चिन्ह नोड होऊन बसतं. ॲब्स्ट्रॅक्ट ट्रीत कंस राहत नाहीत, कारण कंसांनी जे सांगायचं ते झाडाच्या आकारानेच सांगून झालेलं असतं. '(अ)' आणि 'अ' दोन्हींची तीच ट्री. म्हणून तर असल्या चुका शोधायला आकार डोळ्यांना दिसणं गरजेचं. पायथनमध्येच बघ, 'वजा दोनचा वर्ग' लिहिलास तर उत्तर वजा चार येतं. ट्री छापली की दिसतं, वजा सगळ्यात वर बसलाय आणि घात त्याच्या पोटात.

खाडीकाठ, मी बंगळुरात हेच काम करते, घर मालवणचं. माझं मत पुणेकरांच्या उलट आहे. पीप्रिंटने तुझी चूक दिसली असती, पण तितकी पटकन नाही. त्यात प्रत्येक फील्डचं नाव, प्रत्येक ओळ-स्तंभ राहणार. पाच नोडच्या ट्रीत चालेल, पन्नासच्या ट्रीत तू परत कंस मोजायला बसशील. काय झाकायचं हे जो ठरवतो त्याचीच लायब्ररी कामाची. मागे रेघा ओढणं काय, कुणीही करील.

रस्ट भाषेचं उदाहरण घे. डिबग डिराइव्ह अशी एक ओळ घातली की सुबक उतरंडीत छापून मिळतं. फुकट आहे, तरी माणसं त्यांच्या कंपायलरसाठी वेगळं छापणारं लिहितातच, कारण फुकटवालं सगळंच दाखवतं.

कंसातला_माणूस | १० मे, सकाळी ११.४०

लिस्पमध्ये ही भानगडच नाही. प्रोग्राम हीच ट्री. (वजा (वजा रक्कम भाडे) हमाली). संपला धागा.

नाइलाजाने_पुणेकर | १० मे, सकाळी ११.४३

आले. मी म्हटलंच, अजून कसे नाही आले.

कंसातला_माणूस | १० मे, दुपारी १२.१५

हसा. पण गंभीरपणे एक सांगतो. एक नोड एक ओळ हा तुमचा हट्ट उगाच आहे. डेरेक ऑपेन यांचा १९८० चा सुबक छपाईवरचा पेपर आहे, त्यातली कल्पना साधी: तुकडा उरलेल्या रुंदीत बसत असेल तर एका ओळीत छापा, नसेल तर फोडा, आणि हे सगळं पुढे थोडंच डोकावून, एका दमात करा. तुमच्या झाडातलं आतलं 'वजा (नाव भाडे, नाव हमाली)' एका ओळीत सहज बसतं. पाच ओळींच्या तीन झाल्या. शंभर नोडची ट्री एका पडद्यावर मावली तर माणूस ती वाचतो. वरखाली सरकवावी लागली की वाचणं संपलं, शोधाशोध सुरू.

खाडीकाठ | १० मे, दुपारी १२.३०

हे पटलं. आज रात्री करून बघतो.

आबा_आंजर्ले | १० मे, दुपारी ४.५०

मी संगणकवाला नाही. मुलगा हा धागा वाचत होता, मागून बघितलं आणि राहवलं नाही.

मी चिपळूणला छापखान्यात जुळारी होतो, खिळे जुळवायचो. त्या काळी दोन घराण्यांचे कुलवृत्तांत आमच्याकडे छापायला आले होते. त्यातल्या वंशावळी म्हणजे अगदी हेच तुमचं. मूळपुरुष वर, खाली मुलगे, त्यांचे मुलगे. पहिल्या घराण्याने हस्तलिखितात फांद्या काढून दिल्या होत्या. चार पिढ्यांपर्यंत पानावर मावलं, पाचव्या पिढीत पान आडवं केलं, सहाव्या पिढीला घडीचं पान लावावं लागलं आणि ते बांधणीत फाटायला लागलं. दुसऱ्या घराण्याचे संपादक शहाणे होते. त्यांनी प्रत्येक पिढी थोडी आत सरकवून एकाखाली एक नावं लिहिली आणि मोठी शाखा आली की तिथेच तोडून 'शाखा ३ पाहा' असं घातलं. ते पुस्तक आजही उघडून वाचता येतं.

तुम्ही फांद्या तोडायची सोय ठेवली आहे का?

तिरफळ | १० मे, सायं. ५.१०

आबा, दंडवत. आम्ही याला खोलीची मर्यादा म्हणतो आणि स्वतःला फार हुशार समजतो.

वाळूत_पाय | १० मे, सायं. ५.३५

कंसातल्या माणसाला विरोध. मी टेस्टिंगमध्ये आहे. आम्ही पार्सरच्या प्रत्येक चाचणीची ट्री फाईलमध्ये ठेवतो आणि उद्याच्या ट्रीशी डिफ करतो, म्हणजे दोन फायलींतला फरक ओळीओळीने बघतो. एक नोड एक ओळ असेल तर डिफमध्ये नेमका बदललेला नोड दिसतो. रुंदी बघून गुंडाळलं की एका नावात दोन अक्षरं वाढली तरी तो तुकडा रुंदीबाहेर जातो, फुटतो, आणि डिफमध्ये दहा ओळी लाल-हिरव्या. बदल काय, तर 'हमाली'चं 'हमालीखर्च' झालं.

आणि पत्ते छापू नकोस. क्लँग या सी भाषेच्या कंपायलरचा एएसटी डंप बघितलाय? छान रेघांचं झाड देतो, पण प्रत्येक नोडसोबत मेमरीचा पत्ता. दोन वेळा चालवलं की दोन वेगळ्या फायली. आम्ही आधी ते पत्ते पुसायला वेगळी स्क्रिप्ट चालवतो.

कंसातला_माणूस | १० मे, सायं. ६.००

यंत्रासाठी छापताय की माणसासाठी, आधी ते ठरवा.

वाळूत_पाय | १० मे, सायं. ६.०४

रात्री दोन वाजता बिल्ड फुटलं की डिफ बघणारा माणूसच असतो हो.

शून्यवाचक | १० मे, सायं. ६.२२

ग्राफविझला दे. चित्र काढून देतो. रंगीत.

तिरफळ | १० मे, सायं. ६.४०

चित्र प्रेझेंटेशनला. डिबग करताना मी दर दोन मिनिटांनी ट्री छापते, दर वेळी चित्र उघडत बसू? शिवाय चित्रात शोधता येत नाही, कॉपी करून सहकाऱ्याला पाठवता येत नाही.

सुरंगी | १० मे, रात्री ८.१५

मी दादांसारखं करून बघितलं, विंडोजवर. पडद्यावर झाड मस्त दिसलं. आउटपुट फाईलमध्ये वळवलं तर युनिकोड एन्कोड एरर, 'चारमॅप'चं काहीतरी.

तिरफळ | १० मे, रात्री ८.३०

पडद्यासाठी पायथन युनिकोड वापरतो, पण फाईलमध्ये वळवलं की विंडोजचं जुनं कोडपेज (अक्षरांचा तक्ता) धरतो. त्यात आपली देवनागरी नाही आणि खाडीकाठच्या रेघाही नाहीत. पायथनला यूटीएफ-८ मोडमध्ये चालव. खाडीकाठ, रेघांना साध्या उभ्या-आडव्या चिन्हांचा पर्याय ठेव. देवनागरीसाठी तो उपयोगी नाही, पण इंग्रजी नावांच्या ट्रीला निदान रेघांमुळे तरी मरण नको.

आणि देवनागरीचा विषय निघालाच आहे तर खाडीकाठ, तुझा 'स्तंभ' कशाने मोजतोस?

खाडीकाठ | १० मे, रात्री ८.४१

लेक्सरमधला स्ट्रिंगचा इंडेक्स. का?

तिरफळ | १० मे, रात्री ९.१०

कारण 'रक्कम' डोळ्याला तीन अक्षरं दिसतात, र, क्क, म. युनिकोडमध्ये ती पाच चिन्हं, हलन्त धरून. यूटीएफ-८ मध्ये पंधरा बाईट, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाईट खातं. तू पाच मोजतोयस. पायथनचं स्वतःचं एएसटी स्तंभ बाईटमध्ये मोजतं, म्हणजे पंधरा. आणि काका पडद्यावर बोट ठेवून मोजतील तीन. आता 'स्तंभ १५ वर चूक' असा निरोप आला तर कोणी कुठे बघायचं?

म्हणून मी म्हणते, आकडे छापूच नका. त्या नोडचा मूळ मजकूरच पुढे छापा. पायथनने ३.८ मध्ये नोडवरून मूळ मजकुराचा तुकडा काढून द्यायची सोय आणली ती मी सर्वांत जास्त वापरते.

अजून एक. तुझ्या रेघा डावीकडे आहेत म्हणून तू वाचलायस. उजवीकडे रकाना करून एकाखाली एक जुळवायला जाऊ नकोस. टर्मिनल जोडाक्षरांची रुंदी आपापल्या मर्जीने धरतात. सगळी ओळ नागमोडी होते.

बाबू_मालवणी | १० मे, रात्री ९.३०

'रक्कम' तीनाची पाच आणि पाचाची पंधरा झाली? ह्या काकांक सांगू नकात.

नाइलाजाने_पुणेकर | १० मे, रात्री ९.३३

बाबू, आजचा प्रतिसाद तुमचा. 😄

शून्यवाचक | ११ मे, सकाळी १०.००

नाव काय ठेवणार लायब्ररीचं? 'माड' ठेवा, कोकणातली आहे.

कंसातला_माणूस | ११ मे, सकाळी १०.२०

माडाला फांद्या नसतात. सरळसोट वर जातो आणि शेंड्याला झावळ्या. ती लिंक्ड लिस्ट झाली, एकापुढे एक कड्यांची साखळी.

सुरंगी | ११ मे, सकाळी १०.४१

वड?

तिरफळ | ११ मे, सकाळी १०.५५

वडाच्या पारंब्या परत जमिनीत जातात. फांदी मुळाला मिळाली की ते झाड राहत नाही, ग्राफ होतो. छापायला गेलीस तर प्रोग्राम थांबणारच नाही.

वाळूत_पाय | ११ मे, सकाळी ११.१०

'कलम'. आंब्याचंही आणि लिहायचंही.

नाइलाजाने_पुणेकर | ११ मे, सकाळी ११.१५

+१. पायथनच्या भांडारात रोमनमध्येच नोंदवावं लागेल, देवनागरी नाव घेत नाहीत. आधी कुणी घेतलंय का ते बघा.

बाबू_मालवणी | १२ मे, रात्री ८.००

खाडीकाठ खय गेलो? दोन दिवस पत्तो नाय.

खाडीकाठ | १३ मे, दुपारी १.२०

आलो आलो. परवा संध्याकाळी वारा सुटला आणि आमच्याच रायवळाची फांदी तारेवर पडली. दोन दिवस वाडीत लाईट नाही. लॅपटॉपची बॅटरी गेली, मग काकांबरोबर पेट्यांत गवत भरत बसलो.

शून्यवाचक | १३ मे, दुपारी १.२४

झाड छापणाऱ्यावर झाड पडलं. खोलीची मर्यादा ठेवायला हवी होती.

खाडीकाठ | १३ मे, दुपारी १.५०

हसा तुम्ही. त्याआधी जे केलं ते सांगतो, तीन ठिकाणी तोंडावर आपटलो.

पहिलं. वडाचं ऐकून घाबरलो आणि छापलेला प्रत्येक नोड एका सेटमध्ये ठेवला. परत भेटला तर '(वर पाहा)' छापायचं. पण मी जागा वाचवायला 'दर' या नावाचा एकच नोड करून सगळीकडे तोच वापरतो. त्यामुळे झाडभर 'वर पाहा, वर पाहा'. वर बघायला गेलं तर तिथे नुसतं 'नाव दर'.

दुसरं. काकांनी हंगामाची बेरीज एकाच सूत्रात लिहिली, अकराशे आणि काही नोंदी, मध्ये अधिक. पार्सर लूपमध्ये बेरीज बांधतो, त्यामुळे तो पार झाला. छापणारं फंक्शन स्वतःला बोलावत-बोलावत हजारावर गेलं आणि रिकर्शन एरर. मर्यादा वाढवून बघितली तर झाड कसलं, जिना आला. प्रत्येक ओळ चार घरं उजवीकडे, काही वेळाने पडदाच संपला.

तिसरं. रिकामी फील्ड झाकायची म्हणून 'नन' (पायथनचं 'काहीच नाही') असलेलं सगळं गाळलं. मग पायथनच्या ट्रीवर चालवून बघितलं तर 'रिटर्न' आणि 'रिटर्न नन' यांतला फरकच नाहीसा झाला.

तिरफळ | १३ मे, दुपारी २.४०

तिन्ही ठिकाणी मीही आपटलेय, क्रमसुद्धा हाच.

पहिल्याला उपाय: आजवर भेटलेले सगळे नोड ठेवू नकोस. मुळापासून आत्ता जिथे आहेस तिथपर्यंतच्या वाटेवरचे तेवढे ठेव, परत फिरताना काढून टाक. नोड स्वतःचाच पूर्वज निघाला तर चक्र. नुसताच दोन ठिकाणी असला तर बिनघोर दोनदा छाप. पायथनची ट्रीही असलीच असते. नाव वाचलं जातंय असं सांगणारा 'लोड' हा एकच ऑब्जेक्ट अख्ख्या ट्रीत वाटून वापरलेला असतो. तुझा सेट तिथेही खोटं बोलला असता.

दुसऱ्याला: रिकर्शन सोड, आपली यादी ठेवून तिच्यावर नोड ढकल-काढ. जिन्याचं म्हणशील तर एकाच क्रियेची साखळी चपटी करून छाप. अधिक, आणि त्याखाली अकराशे मुलं. पायथन 'आणि'च्या साखळीची मुळातच अशी चपटी यादी ठेवतो.

तिसऱ्याला: 'फील्ड भरलेलं नाही' आणि 'फील्डमध्ये नन हे मूल्य आहे' या दोन गोष्टी आहेत. पहिली झाक, दुसरी कधीच नाही. पायथनने ३.१३ पासून डंपमध्ये रिकाम्या याद्या आपणहून गाळायला सुरुवात केली, पण त्या परत दाखवायचा पर्यायही दिलाय.

आबा_आंजर्ले | १३ मे, सायं. ५.३०

दोन ठिकाणी येणाऱ्या माणसाबद्दल. कुलवृत्तांतात तो दत्तक गेलेला मुलगा. जन्मला एका घरी, वंश चालवला दुसऱ्या घरी. आम्ही त्याचं नाव दोन्हीकडे छापायचो, पण संतती एकाच ठिकाणी, आणि दुसरीकडे नावापुढे 'दत्तक, शाखा अमुक पाहा'. खाडीकाठ, तुमचा 'दर' लेकुरवाळा नाही. ज्याच्याखाली काहीच नाही त्याला 'वर पाहा' कशाला लावायचं? ज्याच्याखाली मोठा पसारा आहे त्यालाच लावा.

आता झाकण्याचं. त्या दोन्ही पुस्तकांत मुलींची नावं नव्हती. वंशावळ सुटसुटीत दिसावी हे कारण सांगायचे. मीही निमूट जुळवलं, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. गेल्या वर्षी एक बाई घरी आल्या, पणजीचं माहेर शोधत होत्या. पुस्तक माझ्याकडे आहे, पानं माझ्या हातची आहेत, पण त्यांची पणजी त्यात नाही. आणि तिथे कुणी होतं आणि गाळलं, एवढीसुद्धा खूण नाही. निदान 'कन्या २' एवढं जरी असतं तरी पुढे शोधता आलं असतं.

खाडीकाठ | १३ मे, सायं. ६.१५

आबा, हे मी शब्दशः घेतो. जे झाकलं त्याची संख्या नोडपुढे बारीक छापायची, '३ फील्ड झाकली' अशी. पाच मिनिटांचं काम आहे.

वाळूत_पाय | १३ मे, सायं. ६.२०

हे मलाही चालेल. संख्या बदलली तर डिफमध्ये दिसेल.

सुरंगी | १३ मे, रात्री ९.०५

एक विचारू? तिरफळताई म्हणतात साखळी चपटी करून छापा. मी वजाबाकीवर करून बघितलं. दादांची पहिली चुकलेली ट्री आणि नंतरची बरोबर ट्री, दोन्ही चपट्या केल्यावर सारख्याच दिसतात:

वजा
├── नाव रक्कम
├── नाव भाडे
└── नाव हमाली

मग ती हजार रुपयांची चूक दिसलीच नसती ना?

कंसातला_माणूस | १३ मे, रात्री ९.१२

पोरगी पास.

तिरफळ | १३ मे, रात्री ९.२०

माझे कान पकडले. धागा कशावरून सुरू झाला तेच विसरले. बरोबर आहे सुरंगी, आंधळेपणाने चपटं केलं तर नेमकी तीच चूक झाकली जाते जिच्यासाठी हे सगळं लिहिलं.

दुरुस्ती: साखळी डावीकडे कललेली असेल, म्हणजे नियमाप्रमाणे असेल, तरच चपटी करायची. उजवीकडे कललेली दिसली की फोडून, पूर्ण आकारात छापायची. अपेक्षित ते गुंडाळायचं, अनपेक्षित ते उघडं. घाताची क्रिया मुळात उजवीकडून बांधतात, तिला उलट.

नाइलाजाने_पुणेकर | १३ मे, रात्री ९.३१

अधिकला तरी बिनधास्त चपटं करा. बेरीज कुठूनही बांधा, उत्तर तेच.

कंसातला_माणूस | १३ मे, रात्री ९.३६

पूर्णांकात. दशांशात ०.१ आणि ०.२ आधी मिळवून मग ०.३ घाला, ०.६००००००००००००००१ येतं. ०.२ आणि ०.३ आधी मिळवा, ०.६ येतं. पायथनमध्ये आत्ता करून बघा.

नाइलाजाने_पुणेकर | १३ मे, रात्री ९.४१

केलं. मी लायब्ररीच्या बाजूने. लिहा तुम्ही.

खाडीकाठ | १५ मे, रात्री १०.३०

लिहिली. ८० ओळींच्या १९० झाल्या, आता थांबवतोय.

आपणहून एक नोड एक ओळ, कारण डिफवाल्यांचं म्हणणं मला जास्त पटलं. रुंदीत बसवणारा प्रकार वेगळ्या नावाने दिलाय, कंसातल्या माणसाने तो वापरावा. ओळ-स्तंभ कुठेच नाही, मागितला तर मूळ मजकुराचा तुकडा. मेमरीचे पत्ते नाहीत, मागितले तरी नाहीत. 'शाखा पाहा' फक्त लेकुरवाळ्या नोडना. चपटं करणं आपणहून बंद. सुरंगीचा प्रतिसाद वाचल्यावर ते चालू ठेवायची हिंमत होईना, ज्याला जिना नको त्याने स्वतः चालू करावं, आणि केलं तरी उलटी कललेली साखळी उघडीच राहते. झाकलेल्याची संख्या मात्र बंद करायची सोयच ठेवलेली नाही.

नाव कलम. रोमनमध्ये कसं लिहायचं यावर घरात वाद चालू आहे.

तिरफळ | १५ मे, रात्री १०.५२

संख्या बंद करायची सोय हवी. लॉगमध्ये गोंगाट होईल. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तक्रार आणेल, लिहून ठेव.

खाडीकाठ | १५ मे, रात्री १०.५५

आणू दे. आबांना विचारून ठरवू.

बाबू_मालवणी | १६ मे, सकाळी ७.१०

ता सगळा ऱ्हवांदे. आजोबांनी ते हजार रुपये परत दिल्यानी काय?

खाडीकाठ | १६ मे, सकाळी ८.००

काकांनी मागितलेच नाहीत, म्हणाले चूक आपली. पण आजोबांना कुठून तरी कळलं. काल संध्याकाळी गड्याबरोबर फणस पाठवला, उचलायला दोघं लागले.

बाबू_मालवणी | १६ मे, सकाळी ८.०२

कापो की बरको?

खाडीकाठ | १६ मे, सकाळी ८.०९

बरका.

बाबू_मालवणी | १६ मे, सकाळी ८.१०

मगे तुमचा नुकसानच झाला.